तुटलेल्या धाग्यांचा निबंध

अर्थशास्त्र आणि भूगोल हे दोन विषय मिळून माझी एकच पदवी आहे. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, म्हणजे नक्की कशात? सुरुवातीला मी समजावून सांगत असे. जमीन, पाऊस, पिकं, रस्ते हे एकीकडे, बाजार, भाव, मजुरी हे दुसरीकडे, आणि या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध लागतो, तो आमचा अभ्यास. ऐकणारा मान डोलवायचा आणि मग विचारायचा, याच्यावर नोकरी कोणती लागते? पुढे मी समजावणं सोडून दिलं. नुसतं बी.ए. म्हणतो आणि मोकळा होतो.

माझे वडील सोलापूर स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. सुताच्या, कापडाच्या, मिरचीच्या, शेंगांच्या गाठी आणि पोती तिथे दिवसभर चढत-उतरत असत, आणि त्यांच्यावर काळ्या शाईने गावांची नावं रंगवलेली असत. घरी जेवताना वडील सहज बोलून जायचे, आज गुंटूरहून मिरची आली, आज वऱ्हाडात लुगड्यांच्या गाठी गेल्या. शाळेत नकाशाचं पुस्तक हातात आलं तेव्हा त्यातली निम्मी गावं मला त्यांच्या तोंडून आधीच माहीत होती. पण मी हे दोन विषय घेणार असं सांगितलं, तेव्हा त्यांना ते पसंत पडलं नाही. मी वकील व्हावं असं त्यांच्या मनात होतं. ते एवढंच म्हणाले, की एका विषयात धड पास होताना माणसाची दमछाक होते, तू दोन कुठे घेऊन बसतोस. मग त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं. आम्ही पुण्याला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. शाळेत आम्ही एका वर्गात होतो, पण राहायला शहराच्या दोन टोकांना. तो पूर्वभागातला, विणकराच्या घरातला. घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात थोडी कानडी असं त्याचं चालायचं. त्यांच्या सगळ्या गल्लीतून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. मी भूगोलाच्या ओढीने हा अभ्यासक्रम निवडला होता आणि तो अर्थशास्त्राच्या. विद्यापीठाने ही जोडी नव्यानेच सुरू केली होती. आमच्या वर्षी ती घेणारे आम्ही दोघंच निघालो.

पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं, की कागदावर ज्यांची जोडी लावली आहे त्या विषयांची कॉलेजात ओळखसुद्धा नाही. अर्थशास्त्राचे तास मोठ्या इमारतीत वरच्या मजल्यावर. भूगोलाला वेगळी जागाच नव्हती. मैदानापलीकडे प्रयोगशाळेच्या मागे एक लांबट खोली होती. तिथे फुटकं काचसामान ठेवलेलं कपाट, एक पृथ्वीचा गोल आणि दोन बाकं. एक तास संपला आणि दुसरा सुरू झाला यांच्या मध्ये एका मिनिटाचंही अंतर ठेवलेलं नव्हतं. त्यामुळे आम्ही रोज मैदान पळत ओलांडायचो आणि रोज कुठल्या तरी एका तासाला उशिरा पोचायचो. अर्थशास्त्राचे प्राध्यापक वयस्कर, पगडी घालणारे, बोलायला मोजके. आम्ही घामाघूम होऊन दारात उभे राहिलो की ते बोलणं थांबवायचे, आम्ही बसेपर्यंत खिडकीबाहेर पाहायचे आणि मग पुढे चालू करायचे. भूगोलाचे प्राध्यापक तरुण होते, विलायतेहून नुकतेच आलेले. ते रागवायचे नाहीत, पण अर्थशास्त्राकडून आलात वाटतं, एवढं म्हणायचे. ते दोघं एकमेकांशी बोलताना मी चार वर्षांत एकदाच पाहिले, आणि तेही एका खुर्चीबद्दल.

अशा धावपळीत दोन वर्षं गेली. दोन्हीकडची पुस्तकं, दोन्हीकडच्या परीक्षा, आणि दोन्हीकडे आम्ही अर्धे. अर्थशास्त्राचे बाकीचे विद्यार्थी आम्हाला नकाशेवाले म्हणत. इतर कुणी भूगोल घेतलेलाच नव्हता, म्हणून तिकडून नाव ठेवायला कुणी नव्हतं एवढंच. मित्राचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि डोकंही. तो वर्गात प्रश्न विचारायचा. मी उतरवून घ्यायचो.

चौथ्या म्हणजे शेवटच्या वर्षाला एक मोठा निबंध लिहून द्यावा लागे. तो स्वतः चौकशी करून लिहायचा आणि त्यात दोन्ही विषय यायला हवेत अशी अट होती. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपवून आम्ही सोलापूरला परतलो तेव्हा कशावर लिहायचं हे आमचं ठरलेलं नव्हतं.

उन्हाळा होता. सोलापूरचा चैत्र ज्याने काढला नाही त्याला मी तो सांगू शकणार नाही. सकाळी नऊला रस्त्यावरचा फुफाटा पायाला चटके देऊ लागतो, ओठ फुटतात, आणि धोतर पिळून दोरीवर टाकून वळेपर्यंत ते वाळलेलं असतं. एका दुपारी मी मित्राच्या घरी गेलो होतो. घर म्हणजे एक लांब खोली. तिच्यातली बरीचशी जागा मागाने व्यापलेली. त्यांचा माग खड्ड्यातला होता. विणणारा जमिनीवर काठाला बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि पायाने पट्ट्या दाबत हाताने धोटा फेकतो. मित्राचे वडील विणत होते. त्यांना तो नायना म्हणायचा. मी मोजत बसलो नव्हतो, पण थोड्या थोड्या वेळाने माग थांबायचा. उभा धागा तुटायचा. नायना वाकून दोन टोकं शोधायचे, चिमटीत धरून त्यांना पीळ द्यायचे, आणि पुन्हा सुरू. मित्राची आई एका बाजूला धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. मधूनच ती उठायची, तांब्यातलं पाणी घेऊन मागाच्या खाली आणि भोवती शिंपडायची आणि परत येऊन बसायची.

मी विचारलं, पाणी कशाला?

मित्र म्हणाला, "हवा कोरडी पडली की सूत ठिसूळ होतं. खड्ड्यात जरा ओल असते म्हणून तर माग खड्ड्यात. श्रावणात बघ, धागा तुटतच नाही म्हटलं तरी चालेल. नायना तेव्हा कितीतरी जास्त विणतात." मग थोडा वेळ तो वडिलांच्या हातांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पण श्रावणात लुगडं घ्यायला कोण येतं? लग्नं सगळी आत्ता."

तो हे सहज बोलला. पण आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण आम्हाला जे हवं होतं ते त्यात होतं. ज्वारी निघाली की खेड्यातल्या माणसाच्या हातात काही तरी येतं, लग्नं निघतात, लुगड्यांना मागणी येते, आणि नेमके तेच दिवस असे, की हवेतली सगळी ओल गेलेली असते आणि विणणाऱ्याच्या हातून काम उठत नाही. मागणी आणि हवा एकमेकींच्या उलट उभ्या. मधे विणकर. अर्थशास्त्रही त्यात होतं आणि भूगोलही, आणि दोन्ही वेगळे काढता येणार नाहीत असे होते. दोन वर्षं मैदानावर पळून जे कळलं नव्हतं ते तिथे जमिनीवर बसून कळलं.

आम्ही कामं वाटून घेतली. मी बाजार पाहायचे, पाऊस-पाणी, पिकांचे हंगाम आणि रस्ते पाहायचे, नकाशे काढायचे. त्याने मागाचं पाहायचं. प्राध्यापकांनी परवानगी दिली, की चौकशी दोघांनी मिळून करावी, निबंध मात्र ज्याने त्याने आपापला लिहावा.

त्याचं काम त्याने कसं केलं ते सांगायला हवं. महिन्यामहिन्यात धागा किती वेळा तुटतो हे त्याला हवं होतं, आणि वर्षातला बराच काळ तो पुण्याला असायचा. नायनांना मोजायला सांगणं शक्य नव्हतं. त्यांचं लक्ष कामावर. म्हणून त्याने आईला सांगितलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने चुलीतला कोळसा घेतला आणि माग थांबला की शेजारच्या भिंतीवर एक रेघ ओढायला सुरुवात केली. दिवस संपला की खाली एक आडवी रेघ. अमावस्येला एक मोठं फुलीसारखं चिन्ह. मित्र सुटीत आला की भिंतीसमोर वही घेऊन उभा राहायचा आणि सगळं उतरवून घ्यायचा. शेजारणी तिला विचारायच्या, हे काय चालवलंयस. ती तेलुगूत म्हणायची, आणि त्याने ते मला मराठीत सांगितलं, की पोरगा पुण्याला शिकतोय तो अभ्यास माझ्याकडेच आहे. दिवाळीच्या आधी घराला चुना द्यायचा तर ती भिंत तेवढी त्यांनी तशीच ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात, तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर, मी बाजार हिंडलो. सर्व्हिस मोटारीने पंढरपूर आणि तिथून मिळेल त्या बैलगाडीने, नाहीतर पायी. करकंबचा बाजार मला चांगला आठवतो, कारण तिथे मी उन्हाने आजारी पडलो. सकाळपासून कापडवाल्यांच्या पालांपुढे उभा होतो. कोण कुठून आलं, कुठलं लुगडं घेतलं, का घेतलं, हे विचारायचं आणि लिहायचं. बायका माझ्याशी बोलायच्या नाहीत, कापडवाले संशयाने पाहायचे. एकाने मला सरकारी माणूस समजून पालाच्या मागच्या बाजूने गठ्ठा उचलून नेला. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने माझ्यावर दया केली. नातीच्या लग्नाचं लुगडं घ्यायला ती मुलाबरोबर आली होती. हिरवं सोलापुरी लुगडं तिने हातात धरलं होतं आणि काठ बोटांत चोळून पाहत होती. मी विचारलं, गिरणीचं स्वस्त मिळतं, मग हे का?

ती म्हणाली, "त्ये एका सालात जातं बाबा. ह्ये लई दिस टिकतं. आन् लगीन काय रोज हाय व्हय?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू आदी सावलीला बस की. डोळं बघ कसं झाल्यात."

मी सावलीला बसलो तो उठू शकलो नाही. तिच्या मुलाने मला पाणी पाजलं आणि ओळखीच्या गाडीत घातलं. त्या प्रवासातलं मला फारसं काही आठवत नाही. गाडीत कडब्यावर पडून मी वही छातीशी धरली होती एवढं आठवतं, आणि असं वाटत होतं, की हा अभ्यास संपला की मी पुष्कळ दिवस कुठे जाणार नाही.

चार-पाच दिवस अंथरुणात काढून मी मित्राकडे गेलो. बाजाराची माहिती त्याला सांगायची होती. दारातून मागाचा आवाज येत होता. आत पाहिलं तर मागावर तो बसला होता. कोपऱ्यात घोंगडीवर नायना पडलेले. त्यांची उजवी बाजू गेली होती. आदल्याच आठवड्यात, सकाळी गल्लीत पसरलेल्या उभ्या सुताला खळ लावताना तिथेच ते खाली बसले आणि उठले नाहीत. मी करकंबला होतो तेव्हा.

मी खाली बसलो.  त्याने हातातलं काम थांबवलं नाही. त्याचा हात वडिलांसारखा सराईत नव्हता, धोटा मधेच अडकत होता. बऱ्याच वेळाने मी विचारलं, कॉलेज कधी उघडतंय माहीत आहे ना.

"मी येणार नाही," तो म्हणाला. "धाकट्या बहिणी आहेत. माग बंद ठेवता येत नाही."

मी म्हटलं, वर्षभराने ये, वर्ष वाया गेलं तरी चालेल. प्राध्यापकांशी बोलू.  तो उठला, फळीवरची वही काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. त्याच्या आईच्या सगळ्या रेघा तिच्यात होत्या, महिन्यांप्रमाणे लावलेल्या, आणि शेवटच्या काही पानांवर त्याने त्यातून काय निघतं ते इंग्रजीत लिहून काढलेलं होतं.

मी म्हणालो, हे तुझं आहे.

"तू निबंध लिही," तो म्हणाला. "दोघांनी आपापला लिहायचा होता. आता एकच होईल. नीट लिही."

त्याची आई तेव्हा कांड्या भरत होती. तिने मान वर केली नाही. भिंतीवरच्या रेघा नायना पडले त्या दिवशी थांबल्या होत्या. पुढची भिंत कोरी होती.

ते शेवटचं वर्ष मी एकट्याने काढलं. मैदान आता मी पळत ओलांडत नसे. उशीर झाला तर झाला. निबंधाचं पहिलं लिखाण मी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना दिलं. त्यांनी ते महिनाभराने परत केलं. हवा, ओल, जमीन, पाऊस याबद्दलच्या सगळ्या पानांवर तांबड्या पेन्सिलीने तिरकी रेघ मारली होती आणि हा आपला विषय नव्हे असं लिहिलं होतं. दुसरी प्रत भूगोलाच्या प्राध्यापकांना दिली होती. त्यांनी मागणी, बाजार आणि मजुरी यांच्या पानांवर तशीच रेघ मारली होती. त्यांची पेन्सिल निळी होती. मी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एकात जे राहिलं होतं ते दुसऱ्यात खोडलेलं होतं. दोघांनीही ज्याला हात लावला नव्हता असं एकच प्रकरण होतं, ते म्हणजे मित्राच्या वहीतलं. तिथे कुठे अर्थशास्त्र संपतं आणि कुठे भूगोल सुरू होतो ते कुणाला सांगता आलं नसावं.

मी सगळा निबंध पुन्हा लिहिला. मग पुन्हा. त्या हिवाळ्यात माझ्या डोळ्यांना चष्मा लागला. लिहायला बसलो की कंटाळा येई असं नाही, कंटाळा म्हणण्याइतकंही त्राण नसे. हात चालायचा. प्रस्तावनेपर्यंत आलो तेव्हा प्रश्न उभा राहिला, की ते प्रकरण कुणाच्या चौकशीचं हे कसं लिहायचं. मी मित्राचं नाव लिहिलं होतं, आणि तो याच कॉलेजचा विद्यार्थी होता हेही. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते वाचलं आणि मला बोलावून घेतलं. ते वाईट मनाने बोलले असं मी आजही म्हणणार नाही. ते म्हणाले, परीक्षा एकाची असते. दोघांचं काम आहे असं दिसलं तर परीक्षक निम्मेच गुण देईल, आणि कॉलेज सोडून गेलेल्या मुलाच्या आकड्यांवर विश्वासही ठेवणार नाही. त्यापेक्षा स्थानिक विणकराकडून माहिती मिळाली असं लिही. त्याने उलट वजन वाढेल. आणि तो विणकर आहेच ना?

मी होय म्हणालो. खोलीवर येऊन मी ते पान फाडलं आणि नवं लिहिलं. या प्रकरणातील माहितीबद्दल सोलापूरच्या एका विणकराचा मी आभारी आहे, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. लिहायला दोन मिनिटं लागली नाहीत. मी फार दमलो होतो. पण दमलेला होतो म्हणून लिहिलं असं म्हणणं खरं नाही. मला गुण हवे होते.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी नकाशांबद्दल एक-दोन किरकोळ प्रश्न विचारले आणि मग ते प्रकरण उघडलं. म्हणाले, हे फार चांगलं आहे, असं काम मी आपल्याकडे पाहिलेलं नाही. मोजायची ही पद्धत तुम्हाला कशी सुचली? दोन्ही प्राध्यापक तिथे बसले होते. मी म्हणालो, तिथे बसून पाहताना सुचली. हेही खोटं नव्हतं. तिथे आम्ही दोघं बसलो होतो, एवढं मी सांगितलं नाही.

मी दुसऱ्या वर्गात पास झालो. वडिलांनी मालधक्क्यावर पेढे वाटले. मी टंकलिखित निबंधाची एक प्रत घेऊन मित्राकडे गेलो. वर्षभरात मी त्याला दोन-तीनदा भेटलो होतो, पण निबंधाचं फारसं बोलणं झालं नव्हतं. तो विचारायचा नाही. आता त्याचा हात बसला होता. धोटा अडकत नव्हता. नायना तसेच अंथरुणावर होते. भिंतीला चुना दिलेला होता.

मी सांगितलं, की परीक्षकांनी त्याच्या प्रकरणाचं कौतुक केलं. त्याला बरं वाटलेलं दिसलं. त्याने हात धोतराला पुसले, प्रत घेतली आणि मागाच्या काठावर बसूनच पहिल्या पानापासून वाचायला लागला. ते प्रकरण आधी उघडेल असं मला वाटलं होतं. प्रस्तावनेचं पान यायला वेळ लागला नाही. त्या पानावर तो थांबला. त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं हे त्याच्या डोळ्यांवरून मला कळलं.

"एक विणकर म्हणजे मी का?" त्याने विचारलं.

मी प्राध्यापक काय म्हणाले ते सांगायला लागलो. गुणांचं सांगितलं, परीक्षा एकाची असते हे सांगितलं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

"नाव नाही घातलंस त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण हे मोजलं तेव्हा मी विणकर नव्हतो. कॉलेजात होतो. तुझ्याबरोबर."

 त्याची आई आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मराठी तिला बऱ्यापैकी कळायची. तिने त्याला तेलुगूत काही विचारलं. तो तिला थोडक्यात काही म्हणाला, आणि ती आत गेली. चहा घेऊन आली. आम्ही तो प्यायलो. त्यानंतर त्याने ते प्रकरण वाचलं, एका ठिकाणी माझी चूक दाखवली, ज्येष्ठाचा आकडा मी आषाढात घातला होता, आणि प्रत मला परत दिली.

मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. ते आधी लिहायला हवं होतं, पण त्या दिवसानंतर लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. निकाल जाहीर झाल्यानंतर निबंधात फेरफार करण्याची तरतूद नाही. ते उत्तर मी त्याला दाखवलं नाही. दाखवून मी काय मागत होतो ते माझं मलाच नीट सांगता आलं नसतं.

मला सोलापुरातल्या एका शाळेत नोकरी लागली, भूगोलाचा मास्तर म्हणून. अर्थशास्त्र शाळेत शिकवत नाहीत. मंदीचे दिवस होते, आणि ज्या पदवीने नोकरी लागली तिच्यातला अर्धा भाग कुणाला लागणार नव्हता. आमच्यानंतर दोन-तीन वर्षं तो अभ्यासक्रम कुणी घेतला नाही आणि विद्यापीठाने बंद केला. शाळेच्या पुस्तकात सोलापूर जिल्ह्यावर एक पान होतं. हवा उष्ण व कोरडी. मुख्य धंदा हातमाग व गिरण्यांचं कापड. ही दोन वाक्यं एकाखाली एक छापलेली, मधे बरीच जागा सोडून. मी ती दरवर्षी शिकवली. पहिली काही वर्षं त्या दोन वाक्यांच्या मधलं काय ते मुलांना सांगायचा प्रयत्न केला. परीक्षेत ते येत नाही हे मुलांना लवकर कळायचं. मग तेही सुटलं.

मित्राची माझी ओळख तुटली नाही, हे सांगायला हवं, कारण तशी समजूत होऊ शकते. सणाला मी त्याच्याकडे जायचो, तो माझ्याकडे यायचा. नायना वारले तेव्हा मी खांदा दिला. त्याच्या बहिणींच्या लग्नात मी पाहुण्यांना वाढलं. आम्ही पावसाबद्दल बोलायचो, सुताबद्दल, मुलांच्या आजारपणांबद्दल. वर्तमानपत्रात बाजारभावांचं काही आलं असेल तर तो मला एखादा प्रश्न विचारायचा, आणि तो प्रश्न बहुतेक वेळा मला न सुचलेला असायचा. त्या निबंधाचं आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

एका उन्हाळ्याच्या सुटीत मी निबंधातलं ते प्रकरण मराठीत लिहून काढलं. ज्येष्ठाचा आकडा दुरुस्त केला. वर त्याचं नाव घातलं आणि आपलं घातलं नाही. त्याच्या आईचंही घातलं, रेघा तिच्या होत्या म्हणून. ते कागद घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्या दिवशी बाहेर खूप ऊन होतं. त्याने कागद हातात घेतले, पहिलं पान वाचलं, आणि कागद पुन्हा सारखे केले. मग म्हणाला, "आईला वाचून दाखव. तिला कळेल."

ती तोवर फार थकली होती, डोळ्यांनी दिसत नव्हतं. मी तिच्याजवळ बसून हळूहळू वाचू लागलो. मधे मधे ती हात वर करून मला थांबवायची आणि मुलाला तेलुगूत काही विचारायची. तो विणता विणता सांगायचा. निम्म्यापर्यंत आलो तेव्हा ती भिंतीला टेकून झोपी गेली होती. मी थांबलो. तो म्हणाला, वाच, मी ऐकतोय. मग मी उरलेलं त्याला वाचून दाखवलं. माग मधूनच थांबत होता, तो वाकून टोकं जोडत होता, आणि तेवढा वेळ मीही थांबत होतो.